टॉवर मला ऐकू येतो, माझं टॉवरला जात नाही: ऑडिओ पॅनेलचा घोळ?

धावपट्टी_२७
परवाचं माझं विमानाचं सोलो, म्हणजे एकट्याचं, उड्डाण. सर्किटमध्ये (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी) शिरण्याआधी दुसऱ्या रेडिओवर, म्हणजे कॉम २ वर, एटिस (विमानतळाच्या हवामानाची आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती) ऐकलं, लिहून घेतलं आणि त्याची टकळी नको म्हणून कॉम २ चा आवाज पार खाली केला. डाउनविंडला (फेरीतला धावपट्टीला समांतर टप्पा) विमानतळाच्या टॉवरला कॉल दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. थोड्या वेळाने टॉवरच मला विचारतोय, पोझिशन सांगा! त्याचं खणखणीत ऐकू येतंय आणि माझं त्याला काहीच जात नाही. शिवाय बोलताना माझा आवाज हेडसेटमध्ये नेहमीसारखा येत होता, त्यामुळे माइक गेला म्हणावं तर तेही नाही. दोन्ही प्लग दाबून पाहिले, घट्ट होते. ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा ट्रान्सपाँडर कोड) लावायला हात गेलाच होता, तेवढ्यात टॉवर म्हणाला, ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा. दाबलं (त्याने रडारवर आपली खूण उठून दिसते), आणि त्यावरच उतरायची परवानगी मिळाली.

खाली आल्यावर मेकॅनिकने रेडिओ चेक घेतला तर पहिल्या हाकेला उत्तर. 'दोष आढळला नाही' असं लिहून तो मोकळा. मी मात्र दोन दिवस हाच विचार करतोय.

तारांचं_जंजाळ
एटिस ऐकायला कॉम २ चं कुठलं बटण दाबलंस? कारण ऑडिओ पॅनेलवर (कुठल्या रेडिओवर ऐकायचं-बोलायचं ते इथे ठरतं) प्रत्येक रेडिओची बटणं दोन असतात. एकावर 'कॉम २' लिहिलेलं, ते कानाचं. दुसऱ्यावर 'कॉम २ माइक', ते तोंडाचं. माझी पैज आहे की तू माइकचं दाबलंस.

माइकचं बटण दाबलं की तो रेडिओ आपोआप ऐकूही येतो, त्यामुळे एटिस वाजलं आणि तुला वाटलं काम झालं. पण त्या क्षणापासून तुझं बोलणंही एटिसच्या फ्रिक्वेन्सीवर जायला लागलं. तिकडे ऐकायला कुणी बसलेलं नसतं, नुसतं ध्वनिमुद्रण फिरत असतं. हेडसेटमध्ये आलेला तुझा आवाज साइडटोन, म्हणजे बोलताना रेडिओ परत कानात सोडतो तो आपलाच आवाज. तो खराच होता, तू खरंच ट्रान्समिट करत होतास, फक्त चुकीच्या दारात.

मग कॉम १ वरचा टॉवर कसा ऐकू येत राहिला? बऱ्याच पॅनेलांत माइक दुसऱ्या रेडिओवर नेला की पहिल्याचं ऐकणं बंद होतं. पण कॉम १ चं कानाचं बटण आधी हाताने दाबून ठेवलेलं असेल तर ते चालूच राहतं. तुझं तसंच असणार. वर कॉम २ चा आवाज खाली, म्हणजे एटिसची बडबड ऐकून जाग यायची तीही सोय गेली.

मेकॅनिकने बसल्याबसल्या कॉम १ माइक दाबला असेल, सवयीने. तिथे पुरावा पुसला गेला.

धावपट्टी_२७
काका, पैज जिंकलात. कॉम १ चं बटण मी इंजिन चालू केल्यावर दाबतोच, कुणीतरी सांगितलं होतं 'सुरक्षित असतं' म्हणून.

उजवी_सीट
ते सांगणाऱ्याशी माझं जमणार नाही. सोलो करणाऱ्यांना मी उलट सांगते: कॉम १ चं कानाचं बटण हाताने दाबू नका, माइकमागे ते आपोआप येऊ द्या. मग माइक चुकून हलला तर टॉवर लगेच गप्प होतो आणि ती शांतता तुम्हाला सांगते की काहीतरी बिघडलंय. तुला टॉवर ऐकू येत राहिला म्हणूनच चूक लपली.

दुसरं, पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर डोळा पॅनेलवर टाक. कित्येक पॅनेलांवर ज्या रेडिओवरून बोलतोस त्याच्या माइक बटणाचा दिवा लुकलुकतो. पुन्हा पुन्हा कॉल देऊनही तू ते पाहिलं नाहीस, कारण उत्तर आलं नाही की माणूस हेडसेटचे प्लगच दाबत बसतो. मीही एकदा तेच केलंय.

तारांचं_जंजाळ
बाई, मुद्दा मान्य, पण मग एटिस ऐकताना टॉवरचा कॉल हुकला तर? मी तरी दोन्ही कान उघडे ठेवीन.

उजवी_सीट
एटिससाठी कॉम २ चं कानाचंच बटण दाबायचं. माइक कॉम १ वर, म्हणून टॉवरही येतो, एटिसही. बटण बरोबर असेल तर वाद उरतच नाही.

उडाणटप्पू
धाग्यात घुसतो, माफ करा. पॅनेलच बंद पडलं तर काय?

तारांचं_जंजाळ
पॅनेलची वीज गेली की फेल-सेफ: डाव्या सीटचा हेडसेट आणि माइक थेट कॉम १ ला जोडले जातात. इंटरकॉम (विमानातल्या विमानात बोलायची सोय) मरतो, उजव्या सीटला काही ऐकू येत नाही. म्हणून महत्त्वाची फ्रिक्वेन्सी कॉम १ वर ठेवायची सवय लावा. कॉम २ वर टॉवर लावून फिरणाऱ्यांना त्या दिवशी फ्रिक्वेन्सी बदलत बसावं लागतं.

धावपट्टी_२७
आज इंजिन न लावता कॉकपिटमध्ये बसून दोन्ही बटणं दाबून पाहिली. दिवा खरंच लुकलुकतो. आणि इंटरकॉम 'आयसो'वर (पायलटला बाकीच्यांपासून तोडणारी स्थिती) सापडला, कुणी कधी केला देव जाणे. मागच्या उड्डाणात मित्र शेजारी बसला होता, तो गप्प का होता ते आत्ता कळलं. मला वाटलं घाबरलाय.