तास इंग्रजीचा, आणि वर्ग मुका

खान्देशी मास्तर : परवा इथे एका सरांनी लिहिलं, ‘इंग्रजीच्या तासाला जो तोंड उघडत नाही त्याला रोज उभं करा. चार वाक्यं बोलल्याशिवाय बसू देऊ नका, आपोआप भीड चेपते.’ वाचून डोकं भणभणलं. भीड चेपत नाही सर, पोरगं शाळा बुडवायला लागतं. आठवीत माझ्या बाकावरचा मुलगा असाच उभा राहायचा. चुकला की वर्ग हसायचा आणि सरही हसायचे. पुढे तो त्या तासाला शाळेच्या मागे जाऊन बसायचा.

मी स्वतः मराठी माध्यमात इंग्रजी शिकवतो. आधी शेजाऱ्याशी बोला, मग चौघांत, वर्गासमोर सगळ्यात शेवटी. वाक्याची सुरुवात फळ्यावर लिहून देतो. चूक झाली तर टोकत नाही, तेच वाक्य नीट करून म्हणतो. मुकी पोरं बोलतात.

जुना शिक्षक : ते लिहिणारा मीच. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तरी दहावीतलं पोरगं स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलत नाही. लाड करून बोलणार का? साठ पोरांच्या वर्गात जोड्या लावल्या की बाजार भरतो, आणि बाजार मराठीतच चालतो. पोर्शन कोण संपवणार?

डोंबिवलीची आई : बोलायची गरजच काय? दहावीला भाषेचे 20 गुण शाळेच्या हातात. माझ्या मुलीला तोंडी परीक्षा न घेताच 18 दिले!

जुना शिक्षक : सगळ्या शाळांना एका माळेत ओवू नका. मी प्रत्येकाची तोंडी घेतो.

डोंबिवलीची आई : मग 2019 मध्ये काय झालं? ते 20 गुण काढले आणि राज्याचा दहावीचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल 95.30! यावर बोला.

निवृत्त बाई : 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, ते का गाळता? आणि लेखी कच्चं असलेल्या कित्येक पोरांना मी तोंडीत छान बोलताना ऐकलंय. ते गुण त्यांच्या हक्काचे आहेत.

डोंबिवलीची आई : हक्काचे असतील तर परीक्षा घेऊन द्या ना! माझ्या मुलीला आज कॉलेजात इंग्रजीत नाव सांगताना घाम फुटतो. त्या 18 गुणांचं मी काय करू?

खान्देशी मास्तर : ताई, राग रास्त आहे, पण धागा गुणांचा नाही. तुमची मुलगी वर्षभर वर्गात का बोलली नाही, याचा आहे.

जुना शिक्षक : बरं, हसणाऱ्यांना आवरायला हवं, एवढं मान्य. जोड्या एका तुकडीत लावून बघतो. पण आठवीतच. दहावीत प्रयोग करणार नाही, कुणी कितीही लिहा.

निवृत्त बाई : आठवीत करा, पण पहिल्याच दिवशी गोंगाट झाला म्हणून सोडू नका. आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.