बेळगाव–नाशिक विमानप्रवास : अंतर 475 किलोमीटर, तर तिकिटावर तासभर कसा?

प्रश्न (खानापूर तालुका) :
नमस्कार. माझ्या आईचे वय 72 असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची तिची फार दिवसांची इच्छा आहे. रस्त्याने इतके तास बसणे तिला झेपणार नाही, म्हणून सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) ओझरपर्यंत (नाशिकचा विमानतळ) थेट विमानाने न्यावे असा विचार आहे. नकाशावर हे अंतर सुमारे 475 किलोमीटर दिसते. जेट विमान ताशी 800 किलोमीटर वेगाने जाते, तर पस्तीस-चाळीस मिनिटांत पोहोचायला हवे. मग वेळापत्रकात तासभर का धरतात? घरापासून देवळापर्यंत एकूण किती वेळ धरावा?

उत्तर (शहापूर, बेळगाव) :
आपण काढलेले अंतर बरोबर आहे. बेळगाव सुमारे 15.86 उत्तर अक्षांशावर आणि ओझर 20.12 वर आहे. हा फरक सव्वाचार अंशांहून किंचित अधिक भरतो आणि एका अक्षांशाचे अंतर सुमारे 111 किलोमीटर असते. रेखांशांतील फरक पाऊण अंशाच्याही आत असल्यामुळे नाशिक आपल्या जवळजवळ थेट उत्तरेला येते.

वेळेचे गणित मात्र वेगळे आहे. तिकिटावरील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे हे सारे त्यात येते, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडण्याचा टप्पा थोडकाच उरतो. शिवाय सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या विमानाला उड्डाणानंतर वळण घ्यावे लागते. विमान जेटऐवजी पंख्याचे एटीआर असेल, तर त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असल्याने आणखी वीस-पंचवीस मिनिटे धरावीत.

आपल्या घरापासून सांबरा सुमारे 40 किलोमीटर असेल, तर बेळगावातील रहदारी धरून सव्वा तास ठेवा. उड्डाणाच्या दीड तास आधी पोहोचा. ओझर नाशिकच्या ईशान्येला आणि त्र्यंबकेश्वर पश्चिमेला असल्यामुळे उतरल्यावर शहर ओलांडून सुमारे 50 किलोमीटर जायचे आहे. म्हणजे सर्व मिळून पावणेसहा ते साडेसहा तास होतात. रस्त्याने हेच अंतर 600 किलोमीटरच्या घरात जाते आणि विसाव्यासह अकरा-बारा तास लागतात. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवा. आईंना विमानाच्या पायऱ्या चढवतील अशी सोय आहे का, हेही तेव्हाच विचारा.

उत्तर (निपाणी) :
वरील हिशेब खानापूरकरांसाठी योग्य आहे, पण आम्हा निपाणीकरांना तो तसाच लागू होत नाही. आम्हाला सांबऱ्यासाठी आधी 80 किलोमीटरहून अधिक दक्षिणेकडे यावे लागते, तर कोल्हापूर 40 किलोमीटरवरच आहे. माझे वडील सोबत असताना आम्ही पुणे, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या मार्गाने गेलो आणि पुण्यात एक मुक्काम केला. त्यांना ते सोसले. गुडघ्यांचा त्रास असता तर मीही विमानच निवडले असते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : विमानांची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. या सुमारास जाणार असाल, तर त्या तारखेला थेट विमान आहे याची खात्री करूनच मुक्कामाची खोली ठरवा.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. नाशिकमध्ये एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबकेश्वरी निघू, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी आईची ओढाताण होणार नाही.