उत्तर: ब्रूडरमधला (कोंबडीची लहान पिलं उबेत ठेवायच्या जागेतला) बल्ब दिवसभर ठेवायचा का?
पहिला आठवडा बल्ब चोवीस तास चालू ठेवा आणि तापमान ३५ अंश सेल्सिअस राखा, असा सल्ला दिला जातो. ३५ अंशांचा आकडा बरोबर आहे, पण तो पिलांच्या उंचीला मोजायचा. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडच ४० च्या वर जातं, तेव्हा बल्ब बंदच हवा. खरं तर पिलंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असतील तर गारठलीत; पंख सोडून, चोच उघडी टाकून कडेच्या पत्र्याला चिकटली असतील तर उकडतंय.

आणि शेंगांची टरफलं अंथरत असाल तर पहिले दोन-तीन दिवस वर कागद घालाच, नाहीतर पिलं खाद्य समजून टरफलंच टिपतात. गुळगुळीत कागद मात्र नको हं, पाय घसरून फाकतात. खोक्याचा खरबरीत पुठ्ठा उत्तम.