'स्वतःचा स्टुडिओ काढायचाय' हे एमबीएच्या अर्जात लिहू की लपवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं ॲनिमेशन करतेय, त्यातली शेवटची तीन फ्रीलान्स. काम जमतं, चार माणसं सांभाळता येतात, पण पैशाचं आणि हक्कांचं बोलणं आलं की दर वेळी माती खाते. एक कॅरेक्टर एकरकमी पैशात देऊन टाकलं, सगळ्या हक्कांसकट, नंतर त्यावर अख्खी सिरीज निघाली आणि मला दमडी नाही. तेव्हापासून एमबीएचं खूळ डोक्यात बसलंय.

आता घोडं अडलंय अर्जाच्या निबंधापाशी. ओळखीतला एक जण म्हणतो, स्टुडिओ काढणार असं लिहिलंस तर प्रवेश कमिटीला वाटेल हिला नोकरीच नको, प्लेसमेंटचे आकडे बिघडवणार, त्यापेक्षा कन्सल्टिंग लिही, आत गेल्यावर काय ते कर. पण माझा रेझ्युमे बघून त्यावर विश्वास कोण ठेवणार, मलाच हसू येतं. स्टॅनफर्डचा तर प्रश्नच असतो की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का. तिथे कन्सल्टिंग कुठून आणू?

शिवाय शिफारसपत्रं. मला बॉस नाही. जुना सुपरव्हायजर एक देईल, दुसरं क्लायंटकडून चालतं का? आणि एनवाययूचा (न्यूयॉर्क विद्यापीठ) एमबीए-एमएफए जोडकोर्स, म्हणजे मॅनेजमेंट आणि सिनेमा एकत्र, भारी वाटतो पण तीन वर्षं, फ्रान्समधलं बिझनेस स्कूल इन्सियाड १० महिन्यांत मोकळं करतं, काहीच ठरत नाहीये.

प्रतिसाद १
स्टुडिओच लिहा. फक्त 'डिग्री झाली की लगेच स्टुडिओ' असं नको, मधली पायरी दाखवा, म्हणजे एखाद्या मोठ्या स्टुडिओत लायसन्सिंग किंवा प्रोडक्शन फायनान्समध्ये दोन-तीन वर्षं, मग स्वतःचं. वॉर्बी पार्कर ही चष्म्यांची कंपनी काढणारे चौघे व्हार्टन या अमेरिकी बिझनेस स्कूलचे विद्यार्थी, पण त्यांनीसुद्धा नोकऱ्यांची तजवीज करून ठेवली होती, त्यात कमीपणा नाही. तुमचा निबंध तर कॅरेक्टरच्या किश्श्यातच आहे हो, तो इथे कसला सांगताय! क्लायंटचं पत्र फ्रीलान्सरला बहुतेक ठिकाणी चालतं, बॉस का नाही ते ऐच्छिक निबंधात दोन ओळींत सांगा. नातेवाईक मात्र नको. आणि १० महिन्यांच्या कोर्सात उन्हाळी इंटर्नशिपला जागा कमी, तुम्ही क्षेत्राची दुसरी बाजू शिकायला निघालात तर ती लागेलच.

प्रतिसाद २
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. करार कळत नाही म्हणून एमबीए? कॉपीराइटवाल्या वकिलाचे चार तास घ्या, कितीतरी स्वस्त पडेल. कर्ज काढून शिकलात तर हप्ता सुरू होतो तेव्हा स्टुडिओ एक पैसा कमवत नसतो, आणि मग माणूस नको ती नोकरी धरून बसतो, मी बसलोय.

धागाकर्ती
वकिलाचं पटलं, हे आधीच करायला हवं होतं. पण मला गुंतवणूकदारासमोर बसता यायला हवंय, ते वकील नाही शिकवणार. हप्त्याचा हिशोब आज रात्रीच मांडते.
@प्रतिसाद १, किस्सा लिहायचा तर क्लायंटशी गोपनीयतेचा करार झालाय. नाव, सिरीज काहीच न सांगता लिहिलं तर कमिटीला मोघम वाटेल का?