झेड ६ टू बॉडीवर जुनी ८०-२०० एफ/२.८ डी: कबड्डीसाठी चालेल का?

मैदानीछाया:
बॉडी निकॉन झेड ६ टू, सोबत एफटीझेड टू अडॅप्टर (जुन्या निकॉन एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा). निकॉनची एएफ ८०-२०० एफ/२.८ डी, दोन रिंगांची (झूम आणि फोकसला वेगळी), ट्रायपॉड कॉलर असलेली, बऱ्या भावात मिळते आहे. वापर मुख्यतः सभागृहातल्या मॅटवरच्या कबड्डीसाठी, थोडा नाटकांसाठी. ऑटोफोकस अजिबात चालत नाही हे खरं का? बॉडीतलं स्थिरीकरण या लेन्सला लागू होतं का? घरात व्हिविटार सिरीज १ ची ७०-२१० पण आहे, निकॉन माउंटचीच. तिच्यावर भागेल का? आणि घेण्याआधी लेन्समध्ये काय काय तपासायचं?

भिंगवाला:
खरं आहे, ऑटोफोकस चालणार नाही. या लेन्समध्ये मोटर नाही. डीएसएलआर बॉडीतली मोटर माउंटवरच्या छोट्या स्क्रूने तिचा फोकस फिरवते. एफटीझेडच्या दोन्ही आवृत्त्यांत ना मोटर आहे, ना तो स्क्रू.

बाकी जवळपास सगळं चालतं. डी लेन्सला चिप असते, त्यामुळे बॉडीला फोकल लांबी आणि अ‍ॅपर्चर कळतं, पी-एस-ए-एम हे एक्स्पोजरचे चारही मोड मिळतात, एक्झिफ (फोटोसोबतची नोंद) नीट येतो. स्थिरीकरणही चालतं, पण पाचऐवजी तीनच अक्षांवर. हात हलण्यापुरता त्याचा उपयोग. खेळाडू हलतोय त्याला शटरच लागतं, १/८०० किंवा त्याहून वेगवान.

जोडताना अ‍ॅपर्चर रिंग एफ/२२ वर नेऊन लॉक करा, नाहीतर बॉडी चूक दाखवते. अ‍ॅपर्चर नंतर बॉडीच्या चाकावरून बदलायचं. लेन्सवरची ए-एम (ऑटो-मॅन्युअल फोकस) रिंग एम वर ठेवा. ए वर असली तर फोकस रिंग नुसतीच फिरते. ही ए-एम रिंग प्लास्टिकची असते आणि तडकते, या लेन्सचं हे जुनं दुखणं आहे. घेताना ती चार-पाचदा फिरवून बघा.

फोकससाठी एकच फोकस पॉइंट ठेवा. विषय फोकसमध्ये आला की चौकट हिरवी होते. पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवण्याची सोय) दिसायला छान, पण एफ/२.८ वर ते ढोबळ असतं, डोळा आणि कान दोन्ही एकदम रंगवून टाकतं. नाटकाला वेळ असतो, तेव्हा १०० टक्के झूम एखाद्या बटणावर लावून घ्या आणि त्यावरच भरवसा ठेवा. आणखी एक, २०० वर जवळच्या अंतराला ही लेन्स एफ/२.८ ला मऊ पडते. एफ/४ केलं की लगेच सुधारते.

तिपाई:
नाटकाला ठीक. कबड्डीला मात्र हाताने फोकस करत चढाईपटूच्या मागे धावायचं म्हटलं तर बहुतेक फोटो वाया जातील, हे आधीच समजून घ्या. जागा ठरवून फोकस लावला तरच जमतं. आकडे बघा, फुल फ्रेमवर, विषय १२ मीटरवर धरून:

२०० मिमी, एफ/२.८: साधारण ०.६ मीटर खोली शार्प
२०० मिमी, एफ/४: साधारण ०.८५ मीटर
१३५ मिमी, एफ/२.८: साधारण १.३ मीटर
१३५ मिमी, एफ/४: साधारण १.९ मीटर

निदानरेषा आणि बोनस रेषा यांच्यात १ मीटर अंतर. म्हणजे १३५ वर दोन्ही रेषांच्या मधोमध फोकस लावून ठेवला तर एफ/२.८ लासुद्धा तो पट्टा जेमतेम झाकला जातो. २०० वर नाही. म्हणून अंतिम रेषेच्या मागच्या बाजूने बसा, १३५ च्या आसपास राहा, मॅटवरच्या रेषेवरच १०० टक्के झूम करून फोकस लावा आणि रिंगला कागदी टेपचा तुकडा चिकटवा. पकड बहुधा कोपऱ्यात होते, तेव्हा एक कोपरा निवडा आणि दुसरा सोडून द्या. सभागृहात उजेड कमी असतो, आयएसओ ३२०० ते ६४०० धरून चला. या सेन्सरला ते जड नाही.

माझं मत विचाराल तर कबड्डी हेच मुख्य काम असेल तर त्याच पैशांत थोडी भर घालून मोटर असलेली जुनी बॉडी बघा: डी७२००, डी७५०, डी५००. तिथे हीच लेन्स ऑटोफोकससकट चालते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडी घेऊ नका, त्यांत मोटर नाही.

मैदानीछाया:
रेषेवर फोकस लावायची कल्पना पटली. पण दुसरी बॉडी सांभाळायची नाही. मग याच लेन्सची एएफ-एस (आत मोटर असलेली) आवृत्ती शोधावी का? आणि व्हिविटारचं?

भिंगवाला:
एएफ-एस ८०-२०० (१९९८ ची) एफटीझेडवर ऑटोफोकस करते. धोका तिच्या आतल्या मोटरचा आहे. वय झालं की ती आधी किंचाळते, मग अडकते, आणि सुटा भाग मिळणं कठीण. दुकानात जवळून दूर, दुरून जवळ असा फोकस वीस-पंचवीस वेळा करायला लावा. कुईं असा आवाज आला तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. मोटर गेली की तिच्यात आणि डी लेन्समध्ये तुमच्यापुरता फरक उरत नाही.

अनंतखूण:
व्हिविटारबद्दल. सिरीज १ ७०-२१० एकच नाही, वेगवेगळ्या कारखान्यांनी केलेल्या आवृत्त्या आहेत. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २२ म्हणजे किनो, ३७ म्हणजे टोकिना, २८ म्हणजे कोमिने. पहिल्या दोन सरसकट एफ/३.५, कोमिनेची एफ/२.८-४. हातात कोमिनेची असेल तर नाटकाला मजेत वापरा.

चिप नसल्यामुळे एक्स्पोजरचे फक्त ए आणि एम मोड, हिरवी चौकट नाही. बॉडीच्या 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' (चिप नसलेल्या लेन्सची माहिती) मेनूमध्ये फोकल लांबी भरावी लागते, कारण स्थिरीकरण त्याच आकड्यावर चालतं. झूम फिरवला तरी बॉडीला काही कळत नाही. २०० भरून ७० वर फोटो काढलात तर स्थिरीकरण गरजेपेक्षा जास्त हलवून फोटो उलट बिघडवतं. म्हणून ७०, १३५, २०० अशा तीन नोंदी करून ठेवा आणि बदलत राहा.

इतर माउंटच्या जुन्या झूम लेन्स घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहितो, कारण ती फार कमी जण तपासतात. जुन्या हाती झूम लेन्सपैकी बऱ्याच अशा असतात की २०० वर फोकस लावून ८० वर आलात तरी फोकस टिकतो. हे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर अचूक असेल तरच. निकॉन एफचं ४६.५ मिमी, झेडचं १६ मिमी, म्हणून अडॅप्टर ३०.५ मिमीच हवा. कॅनन एफडी ४२ मिमी, तिथे २६. निकॉनचा स्वतःचा अडॅप्टर नेमका असतो, स्वस्तातले बहुधा मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की लागावा.

०.१ मिमीचा फरक सुद्धा पुरतो. लेन्स अनंतावर ठेवून अडॅप्टर ०.१ मिमी जाड असेल, तर २०० वर फोकस ४०० मीटरवर पडतो आणि ८० वर ६४ मीटरवर. फोकल लांबीच्या वर्गाला त्या फरकाने भागायचं, बस. चूक एकच, पण प्रत्येक फोकल लांबीला वेगळी दिसते, म्हणून झूम केलं की फोकस सरकतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सला मिळतो. तपासायला २०० वर दूरच्या मोबाईल टॉवरवर फोकस लावा, रिंगला हात न लावता ८० वर या आणि १०० टक्के झूम करा. चित्र मऊ झालं तर आधी अडॅप्टर बदलून बघा.

तिपाई:
घेण्याआधीची तपासणी, ८०-२०० ची. मागची टोपी काढा, मोबाईलचा टॉर्च पुढून तिरका मारा आणि मागून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. कडेला नखाएवढी असेल तर फोटोत दिसत नाही, पण ती वाढते आणि कोटिंग खाते. मधल्या भिंगावर असेल तर सोडा. सगळीकडे दुधी पडदा दिसला तर स्टेजच्या दिव्यांसमोर काळा रंग राखाडी येईल.

मग माउंटजवळची अ‍ॅपर्चरची पट्टी बोटाने सरकवून सोडा. पात्या झटकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर त्यांवर तेल आलंय, आणि सलग फोटोंत काही फ्रेम उजळ पडतील.

कोकण-मुंबईकडची लेन्स असेल तर बुरशीसाठी दुप्पट बारकाईने बघा. घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. लेन्सवर जुना यूव्ही फिल्टर असेल तर सभागृहात काढून टाका, दिव्यांची उलटी भुतं (प्रतिबिंबं) त्याच्यामुळे येतात.

आणि वजन: ही लेन्स सुमारे १.३ किलोची आहे. ट्रायपॉड किंवा मोनोपॉड कॉलरलाच लावा, बॉडीला नाही. व्हिविटारला कॉलर नाही आणि एफटीझेड टूला खालचं भोकही नाही, त्यामुळे ती वापरताना डावा हात कायम लेन्सच्या खाली.