तिळाच्या लाडवांना गावरान तीळ की पॉलिशचे?

घणसोलीकर:
संक्रांतीसाठी वाशीच्या एपीएमसीतून तीळ आणायचे आहेत. पांढरेशुभ्र पॉलिशचे घ्यावेत की मळकट दिसणारे गावरान? लाडू आणि वड्या दोन्ही करायच्या आहेत, तर एकाच पाकात जमेल का? आणि तिळात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं म्हणतात, ते लाडवात उतरतं का?

कोपरीची_सुगरण:
पॉलिशचे म्हणजे साल काढलेले. दिसायला छान, कचकच नाही, म्हणून वड्यांना तेच बरे. लाडवांना मात्र गावरानच घ्या, खमंगपणा सालीत असतो. फक्त त्यात बारीक रेती असते, ती चाळून जात नाही. तीळ पाण्यात ढवळून वरचेवर हाताने काढत रोळून घ्या, रेती तळाशी बसते. मग फडक्यावर पसरून पूर्ण वाळवा. ओलसर राहिले तर भाजताना आधी वाफ धरतात आणि आतून कच्चे राहतात.

भाजताना जाड बुडाची कढई, मंद आच, एका वेळी दोन मुठी. तडतडायला लागले आणि चिमटीत चुरडला तर तीळ सहज मोडला की लगेच परातीत काढा. कढईतच ठेवले तर गॅस बंद असूनही भाजत राहतात आणि लाडू कडवट होतात. रंग बदलायची वाट बघायची नाही, तोवर उशीर झालेला असतो.

पाकवाली_ठाणे:
एकाच पाकात दोन्ही नाही जमणार. प्रमाण दोन्हीकडे तेच: पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, शंभर ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, थोडं डाळं, वेलची-जायफळ. फरक फक्त पाकाचा.

कढईत चमचाभर तूप, दोन चमचे पाणी आणि चिरलेला गूळ, आच मंद. विरघळून फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघायला सुरुवात करा. गोळी जमते पण बोटाने दाबली तर चेपते, तिथे लाडवाचा पाक झाला. वडीला आणखी थोडं थांबायचं: गोळी ताटात टाकली की टणकन वाजली पाहिजे आणि मोडली तर कट्कन तुटली पाहिजे. चिक्कीचा गूळ या दोन टप्प्यांमधलं अंतर फार पटकन कापतो. लाडू दगड होतात ते बहुतेक इथेच. वडीच्या पाकात गॅस बंद करताना चिमूटभर सोडा घातला की कुरकुरीत होते, लाडवात घालू नका.

तीळ कोमट असतानाच पाकात घाला, गार तिळांनी पाक धरतो आणि मिश्रण फुटीर होतं. वळता वळता घट्ट झालं तर कढई गरम तव्यावर ठेवा. वडीला उलट्या पोळपाटावर तूप लावून लाटा आणि गरम असतानाच काप पाडा, गार झाल्यावर सुरी चालत नाही.

साधा मऊ गूळ असेल तर पाक करूच नका. तीळ कुटून, गूळ किसून, हाताने मळून लाडू वळा. दात नसलेल्या आजीआजोबांना हेच लाडू बरे.

आहार_चर्चा:
कॅल्शियमचं खरं आहे, पण अर्धवट. सालासकट शंभर ग्रॅम तिळात साधारण ९७५ मिलिग्रॅम असतं. पॉलिशच्या तिळात ते शंभराच्या आतबाहेर घसरतं, कारण बहुतेक सालीतच असतं. आणि सालीतलं बरंचसं ऑक्झलेटशी बांधलेलं, त्यामुळे शरीराला सगळं मिळत नाही. वरच्या प्रमाणाचा वीस ग्रॅमचा लाडू म्हणजे साडेसात ग्रॅम तीळ, म्हणजे जेमतेम सत्तर मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं. दुधाला पर्याय म्हणून लाडू खाऊ नका, जोडीला खा. न चावता गिळलेला तीळ तसाच बाहेर पडतो, म्हणून कूट उत्तम. शंभर ग्रॅम तिळात निम्मं तेलच असतं, तेव्हा लाडू मोजून.

तुर्भे_नाका:
काळे तीळ घेणार असाल तर एक बघा: काही वेळा कारळे गळ्यात मारतात. कारळे लांबट, चकचकीत, टोकदार, तीळ चपटा थेंबासारखा. चटणीला दोन्ही चालतात, लाडवाला कारळे नकोत. उरलेले तीळ आपल्याकडच्या दमट हवेत खवट होतात, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

घणसोलीकर:
लाडवांना गावरान, वड्यांना पॉलिशचे, ठरलं. चिक्कीचा गूळ ढेपेतून फोडून मिळतो का?

कोपरीची_सुगरण:
मिळतो. तुकडा कोरडा आणि कडक बघून घ्या, हाताला चिकटला तर ठेवून द्या.