घरगुती घातक कचऱ्याचे कायमस्वरूपी संकलन केंद्र: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

आमचा गट वर्षातून दोनदा घरगुती घातक कचऱ्याचे संकलन शिबिर भरवतो. रंगाचे अर्धवट डबे, थिनर, मुदत संपलेली कीटकनाशके, ट्यूबलाइट, बॅटऱ्या असे बरेच काही जमते. पण शिबिर उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गंजलेला डबा घेऊन येते आणि त्यांना "आता सहा महिने थांबा" असे सांगावे लागते. इतके थांबतो कोण? घर बदलताना किंवा घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यावर माळा उपसला जातो, तेव्हा तो डबा त्याच आठवड्यात बाहेर काढायचा असतो. मग तो कचराकुंडीत जातो, नाहीतर त्यातील द्रव मोरीत ओतला जातो. म्हणून कायमस्वरूपी केंद्राचा विचार चालू आहे. एक रिकामी खोली आणि तिच्यापुढील अंगण मिळण्यासारखे आहे. खोलीत कोणत्या सोयी असाव्यात आणि काय स्वीकारू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

खोलीचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि जमलेला माल पुढे कोण नेणार, किती दिवसांनी नेणार आणि कोणत्या स्वरूपात नेणार, हे आधी लेखी ठरवून घ्या. मी ज्या केंद्रात काम करत होतो, तेथे हा करार होण्यापूर्वीच दार उघडले गेले. दोन महिन्यांत रंगाच्या डब्यांची चळत छताला लागली आणि शेवटी येणाऱ्यांना परत पाठवण्याची नामुष्की आली. माल नेणारा ज्या वर्गवारीने घेतो, त्याच वर्गवारीने तुमची मांडणी असावी, अन्यथा सगळे दोनदा हाताळावे लागते.

आता खोली. फरशीला भेगा नसाव्यात आणि तिच्यावरचे पाणी गटाराला मिळता कामा नये. मोरी असल्यास ती बुजवून टाका. द्रवाचे डबे व ड्रम कठडा असलेल्या तसराळ्यांत ठेवावेत आणि तसराळ्याची क्षमता त्यातील सर्वांत मोठ्या भांड्याच्या निदान 110 टक्के असावी, म्हणजे ड्रम फुटला तरी सांडलेले आतच राहते. थिनर, पेट्रोल यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. त्यामुळे झरोके केवळ वर असून भागत नाही, खालीही हवेत. अंगणावर छप्पर घाला, कारण गाडीतून माल उतरवून घेण्याचे काम पावसातही करावेच लागते.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व मान्य. पण केंद्राचा खरा जीव माल घेण्याच्या टेबलावर असतो, आणि तेथे प्रशिक्षित माणूस नसेल तर केंद्र न उघडलेलेच बरे. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीच एकत्र सांडले, तर क्लोरीन वायू सुटतो. पोहण्याच्या तलावात टाकतात ती क्लोरीनची तीव्र पावडर आणि ब्रेक ऑइल शेजारी ठेवणे त्याहून फसवे, कारण दोन्ही मिसळल्यावर काही क्षण काहीच घडत नाही आणि मग मिश्रण एकाएकी पेट घेते. ऑक्सिडीकारक (म्हणजे दुसऱ्या पदार्थाला पेटायला मदत करणारे, जसे ही क्लोरीनची पावडर), ज्वालाग्राही, आम्ल, अल्कली आणि विषारी पदार्थ यांच्या जागा वेगवेगळ्या हव्यात आणि त्या शेल्फवर ठळक रंगवलेल्या हव्यात.

येणाऱ्यांना एकच गोष्ट वारंवार सांगा: मूळ डब्यातून दुसऱ्या डब्यात काही ओतू नका. एकदा एक आजोबा शीतपेयाच्या बाटलीत तपकिरी द्रव घेऊन आले. "इंजिन ऑइलच असावे," असे ते म्हणाले, पण झाकण सैल करताच कीटकनाशकाचा उग्र दर्प आला. ती बाटली जुन्या तेलाच्या ड्रममध्ये गेली असती, तर अख्खा ड्रम पुनर्वापरातून बाद झाला असता. लेबल नसलेली वस्तू हुंगून ओळखण्याचा मोह मात्र टाळावा. त्या दिवशी वास आपोआप आला, एवढेच. अशा वस्तूंना 'अज्ञात' अशी चिठ्ठी लावून वेगळे ठेवावे.

स्फोटके, गॅसच्या टाक्या आणि कारखान्यांचा माल नाकारा. दर खेपेला किती लिटर घेणार याची मर्यादा लावली, की घरगुती म्हणून दुकानांचा माल येणे बरेचसे थांबते.

तिसरा प्रतिसाद

केंद्र कायमस्वरूपी म्हणजे चोवीस तास उघडे, असा अर्थ कोणी घेऊ नये. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, त्यांतील एक सुट्टीचा, पुरेसे होतात, पण ते कधीही चुकू नयेत. बंद दाराबाहेर रात्री ठेवून गेलेल्या पिशव्या हा सर्वांत मोठा ताप असतो. उंच कुंपण आणि वेळांचा दुरूनही वाचता येईल असा फलक हवाच.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. खोलीला मोरी आहे, ती बुजवून घेऊ, आणि पुढे माल नेणाऱ्याशी बोलणी झाल्याखेरीज दार उघडणार नाही. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्यांचे काय करावे? त्या शिबिरातही येतात आणि आम्ही त्या इतर बॅटऱ्यांच्याच खोक्यात टाकत आलो आहोत.

दुसरा प्रतिसाद देणारे

ते आजच थांबवा. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नका, टोचू नका. कोरड्या वाळूने भरलेल्या धातूच्या बादलीत ती एकेकटी, इतर ज्वालाग्राही मालापासून दूर, शक्यतो इमारतीबाहेर छपराखाली ठेवा. धडधाकट लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांवरही चिकटपट्टी लावून घ्या. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात. तिला एखादी किल्ली किंवा दुसरी बॅटरी टेकली तरी मंडल पूर्ण होऊन ती तापते. चिकटपट्टीचे रीळ टेबलाला दोरीने बांधून ठेवा, नाहीतर ते रोज हरवते.